डावीकडे सहा, उजवीकडे तेरा

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातातून तुम्ही शेवटची कुठली वस्तू काढून घेतलीत, आणि घेण्याआधी ती वस्तू एकदा तरी तपासली होतीत का? माणसाबद्दल नाही विचारत. माणूस आपण सगळेच तपासतो. त्याचे डोळे, त्याचं बीपी, त्याचा कप बशीवर वाजतो का ते. मी वस्तूबद्दल विचारते आहे.

मी माझ्या बाबांच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली. दहा महिने ती माझ्याकडे होती. त्या दहा महिन्यांत बाबांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास गेला, आणि तो जाताना मी समोर बसून बघत होते. काय झालं ते सांगते.

आमच्या घरात बोलण्यापेक्षा कागदाला मान होता. बाबा लालबागच्या एका गिरणीत फिटर होते. शिक्षण चौथीपर्यंत. पण गेटवर पत्रकं वाटायला ते सगळ्यात पुढे, आणि उरलेला गठ्ठा घरी यायचा. मी अक्षरं शिकले ती त्या गठ्ठ्यांवर. ‘कमळ’च्या आधी मला ‘कामगार’ वाचता येत होतं. दर सहा डिसेंबरला दादरच्या स्टॉलवरून ते वीस-वीस पानांच्या पुस्तिका आणायचे, एकाच पुस्तिकेच्या पाच प्रती, चाळीत वाटायला. आई म्हणायची, ह्या माणसाच्या पिशवीत भाजी सोडून सगळं असतं.

घरातले तंटेसुद्धा कागदावर चालायचे. तिसरीत असताना मला सहलीला जायचं होतं. बाबा म्हणाले, लिहून दे. मी वहीच्या पानावर लिहून दिलं, खाली स्वतःचं नाव. बाबांनी त्याखाली सही केली आणि ‘पोचले’ असं लिहिलं. मी नाचायला लागले. त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, पोच म्हणजे होकार नाही. पोच म्हणजे तुझं म्हणणं माझ्यापर्यंत आलं, एवढंच. उत्तर मागच्या बाजूला असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पान उलटून बघितलं. मागे त्यांच्या मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘जावे. पाण्याजवळ जाऊ नये.’ सायकल मागितली तेव्हा मागे ‘आता नाही’ होतं. बारावीनंतर लिहिण्याचंच काम करायचं आहे असं कळवलं तेव्हा मागची बाजू तीन दिवस कोरी राहिली. मग ‘हरकत नाही’ आलं. पुढे पोच, मागे उत्तर. हा आमच्या घरचा कायदा होता आणि तो मला माझ्या पत्त्यापेक्षा जास्त पाठ होता.

दुसरा कायदा तोंडी होता. डावं-उजवं करायचं नाही. आई तळलेली मांदेली वाढायला लागली की शेजारची दोन-तीन पोरं आपसूक दारात यायची. बाबा सांगायचे, मोजून वाढ, डावं-उजवं नको. मला दोन तर त्यांनाही दोन. मी हे वाक्य पुढे भाषणांत वापरलं, पत्रकांत वापरलं. एकदा एका हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीच्या तोंडावर वापरलं. त्याने कामवाल्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट ठेवली होती. त्या वाक्याने मला कधी दगा दिला नव्हता.

गिरणी बंद पडल्यावर बाबा गिरगावातल्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर म्हणून लागले. डॉक्टरांची गाडी तेव्हाही जुनी होती. राखाडी रंग, गोल दिवे, दार लावलं की कपाटाचं दार लागल्यासारखा आवाज. डॉक्टरांना पाठीचं दुखणं होतं म्हणून त्यांनी बाहेरून चार शॉकअप मागवले होते. लाल रंगाचे. शॉकअप म्हणजे चाकाला बसलेला धक्का आपल्या अंगापर्यंत येण्याआधी गिळणारी नळी. ह्या चारांची गंमत ही, की प्रत्येकाच्या तळाशी एक चकती होती. ती फिरवली की टक टक वाजायची. एकेका टकला बाबा ‘दाणा’ म्हणायचे. चकती पूर्ण आवळून बंद करायची, मग जितके दाणे उघडाल तितकं ते चाक मऊ. डॉक्टर गेले, त्यांचा मुलगा परदेशातून आला, आणि जाताना गाडी बाबांना देऊन गेला. तेव्हापासून ती आमच्या चाळीच्या आवारात, पाण्याच्या टाकीच्या बाजूला उभी असते. रविवारी सकाळी बाबा आईला घेऊन एक चक्कर मारायचे. प्रभादेवीवरून दादर, हिंदमाता आणि परत. बस इतकंच. पण त्या चकरेसाठी ते शनिवारी संध्याकाळी दाढी करायचे.

मग पुढचा उजवा शॉकअप गळायला लागला. तसला पुन्हा मिळणं शक्यच नव्हतं. लालबागला पुलाखाली आमचा जुना मिस्त्री आहे, त्याने ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या गल्ल्या पालथ्या घातल्या आणि एक शोधून आणला. रंग लालच, चकतीही तशीच, पण दुसऱ्या कुठल्या गाडीचा. तो बसवला त्या दिवशी मी घरी नव्हते. कुठल्यातरी सभेत असेन.

काही महिन्यांनी, एका रविवारी, बाबांनी मला गाडीखाली जायला सांगितलं. त्यांचे गुडघे वाकत नाहीत. नवीन नळी गळते का तेवढं बघ, म्हणाले. मी खोक्याचा पुठ्ठा अंथरला आणि खाली सरकले. नळी कोरडी होती. निघता निघता मला वाटलं, चकत्याही बघाव्यात. पुढची डावी आवळून बंद करताना दाणे मोजले आणि तितकेच परत उघडले. सहा दाण्यांवर होती. उजवीही तशीच मोजली. तेरा.

मी तिथे पडल्या पडल्या काय विचार केला ते मला नीट आठवतं. पहिला विचार, मिस्त्रीने घाई केली. दुसरा विचार, बाबा विसरायला लागले. आणि तिसरा विचारसुद्धा नव्हता, ते वाक्यच होतं. डावं-उजवं करायचं नाही. मी उजवी चकती आवळली आणि सहावर आणली. बाहेर आले, हात पुसले, नळी कोरडी आहे म्हणून सांगितलं. चकतीचं बोलले नाही. लपवलं असं नाही. न्याय केल्यावर कोणी सांगत बसतं का?

दोन आठवड्यांनी बाबा आईला घेऊन पुलावरून उतरत होते. रस्ता डावीकडे वळतो तिथे मध्ये एक सांधा आहे, सगळ्याच गाड्या तिथे थोड्या खडखडतात. आमची गाडी तिथून उजवीकडे उडाली आणि दुभाजकाला घासली. मागे बसलेली आई दारावर आपटली. तिच्या खांद्याचं हाड सरकलं. सहा आठवडे हात गळ्यात बांधून होती. बाबांना खरचटलंही नाही. परळच्या हॉस्पिटलात ते बाकावर बसून स्वतःच्या दोन्ही तळहातांकडे बघत होते. मी विचारलं तेव्हा इतकंच म्हणाले, स्टिअरिंगवर हात घट्ट होता गं. मी ते वाक्य अपराध्याचं वाक्य म्हणून ऐकलं.

त्याच आठवड्यात मी निवेदन लिहिलं. टाइप करून, छापून आणलं. पाच मुद्दे. वय. प्रतिक्षिप्त क्रिया. आईची दुखापत. रस्त्यावरच्या इतरांचा जीव. पाचवा मुद्दा असा होता की ज्यांनी आम्हाला सार्वजनिक जबाबदारी शिकवली त्यांनी ती स्वतःला लावून घ्यावी. तो लिहिताना मला बरं वाटलं होतं. शेवटी, ‘तरी गाडीची किल्ली आजपासून आमच्याकडे सुपूर्द करावी.’ आमच्याकडे. आम्ही कोण? आईला मी विचारलंही नव्हतं.

जेवणानंतर मी ते उभी राहून वाचून दाखवलं. बाबा खुर्चीवर बसले होते. त्यांनी कागद मागितला, आत नेला. सकाळी कागद टेबलावर होता. खाली ‘पोचले’, त्याखाली सही, आणि वर किल्ली ठेवलेली.

मी किल्ली उचलली. कागद फाइलमध्ये लावला. प्लास्टिकच्या पाकिटात, छापील बाजू वर.

पुढचे दहा महिने मी आता क्रमाने मांडू शकते, तेव्हा ते नुसते जात होते. आधी बाबांनी दाढी करणं सोडलं. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जायला लागले. मग आईला म्हणाले, चहा अर्धाच कप देत जा, सांडतो. सांडत नव्हता. मग सकाळी नळाचं पाणी भरणं सोडलं. बँकेत सही जुळली नाही तर, म्हणून स्लिप माझ्याकडे द्यायला लागले. गॅलरीतल्या खुर्चीत दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचे. आमच्या गॅलरीतून टाकीजवळची गाडी दिसते. तिच्यावरची ताडपत्री बघत बसायचे. मी ह्यातली प्रत्येक गोष्ट बघितली आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं, बघ, वेळेवर घेतली किल्ली. पुरावे आपोआप जमत होते. मला तेव्हा वाईटही वाटत नव्हतं. फाइल पूर्ण होत आली की वाटतं तसं काहीतरी वाटत होतं.

चाळीच्या रीडेव्हलपमेंटचं चाललं होतं. आवार रिकामं करायची नोटीस लागली. गाडीचं काय करायचं हा प्रश्न आला तेव्हा मी प्रभादेवीच्या एका माणसाला बोलावलं. तो जुन्या गाड्या शूटिंगला भाड्याने देतो. त्याने किल्ली घेतली, पुलापर्यंत जाऊन आला, उतरला आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, “मॅडम, गाडी एकदम मस्त आहे. पण उजवीकडे उडते. ते नीट करा, मग बोलू.”

मी त्याला म्हटलं, ठोकली होती, त्यामुळे असेल. तो म्हणाला, ठोकल्याने गाडी ओढते. ही ओढत नाही, उडते. वेगळं असतं.

मी गाडी घेऊन लालबागला गेले. पुलाखालच्या त्या गल्लीत एका बाजूला मसाल्याचे डंक आहेत. दुपारी मिरची कुटत असली की मिस्त्री रुमाल बांधून काम करतो आणि तरी शिंकतो. मी परकरात होते तेव्हापासून तो मला ओळखतो. मालवणकडचा आहे.

“काय गो पुढारीण,” तो म्हणाला, “आज खंयचो मोर्चो?”

मी सांगितलं, गाडी उजवीकडे उडते. त्याने मान हलवली आणि कामाला लागला. आधी चारही टायरची हवा सारखी केली, आणि मला शेजारी बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आला. उडतेच. मग पुढची दोन्ही चाकं आपसात बदलली. म्हणाला, खोट टायरात असेल तर आता डावीकडे जाईल. पुन्हा फेरी. खोट गेली नाही, उजवीकडेच राहिली. मग जॅक लावला, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, खाली टॉर्च मारून सांधे बघितले. कुठे ढिलं नाही. मग जमिनीपासून मडगार्डपर्यंतची उंची वितीने मोजली, इकडे आणि तिकडे. सारखी. दुभाजकाला घासलं होतं तिथे पत्रा दबला होता, बाकी काही नाही. प्रत्येक वेळी तो एक गोष्ट बाजूला ठेवत होता. कुठल्याही गोष्टीवर आधी चिडत नव्हता. मी उभी राहून फोन बघत होते.

शेवटी त्याने दोन्ही तळहात डाव्या मडगार्डवर ठेवले आणि अंगाचा भार टाकला. गाडी खाली गेली, वर आली, थांबली. तो उजवीकडे आला. तसाच भार टाकला. गाडी हललीच नाही. त्याने मला बोलावलं. “हात ठेव.” मी ठेवला, दाबलं. पाट्यावर हात ठेवावा तसं होतं. दगड.

तो खाली गेला. चकती आवळल्याचा आवाज आला. एकेक टक. तो मोठ्याने मोजत होता. एक. दोन. सहाला थांबला. बाहेर आला तेव्हा रुमाल खाली केलेला होता.

“हयसर तेरा होते.”

मी म्हटलं, एवढं कसं लक्षात राहिलं तुमच्या.

“राहणार नाय तर काय? तुझ्या बापाने अर्धा दिवस घातला ते तेरा शोधायला.” मग त्याने सांगितलं. शॉकअप बसवला त्या दिवशी बाबा दुकानात आले होते. मिस्त्री खाली झोपून एकेक दाणा उघडत होता आणि बाबा वर उभे राहून आधी डावं मडगार्ड दाबायचे, मग उजवं, मग पुन्हा डावं. डोळे मिटून. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला त्यांनी हात जोडून काम थांबवायला लावलं, आवाज नको म्हणून. गिरणीत बेअरिंग असंच बसवायचे, हाताने ऐकून. अकराला म्हणाले जवळ आलं. बाराला काही बोलले नाहीत. तेराला म्हणाले, हां, आता भाऊ-भाऊ.

“कोणी हात लावला?” मिस्त्रीने विचारलं.

“मी.”

“कित्याक?”

मी सांगितलं. डावीकडे सहा होते म्हणून. सारखं असावं म्हणून.

तो हसेल असं मला वाटलं. हसला नाही. म्हणाला, जुन्या नळीचा दाणा मोठा, ह्या नळीचा बारीक. “सहा नारळ आणि सहा सुपाऱ्या सारखे काय गो?” मग त्याला शिंक आली. शिंकून झाल्यावर त्याने विचारलं, कधी केलंस. मी म्हटलं, पुलाच्या आधी. तो वळला आणि पान्हे पुसायला लागला. तेरावर आणून द्या म्हटलं तर नाही म्हणाला. इतके महिने गाडी उभी होती, डावी नळीही आता तीच राहिलेली नाही, तेरा असेल की चौदा मला काय माहीत. ज्याचा हात आहे त्याला घेऊन ये.

गाडी तिथेच ठेवून मी चालत घरी आले. लालबाग ते आमची चाळ, वीस मिनिटं. वाटेत मी काय विचार केला असं कोणी विचारलं तर सांगायला काही नाही. साड्यांच्या दुकानाबाहेर एक माणूस पुतळ्याला पदर नीट करत होता ते आठवतं. रडू येईल असं वाटून मी एकदा थांबलेसुद्धा. आलं नाही. मग चालायला लागले.

बाबा गॅलरीत होते. हात मांड्यांखाली. मी खाली जमिनीवर बसले.

“बाबा, उजवा शॉकअप सहावर होता. मी केला होता. पुलाच्या दोन आठवडे आधी, नळी बघायला खाली गेले होते तेव्हा.”

ते माझ्याकडे वळले.

“डावा सहा होता म्हणून?”

“हो.”

“डावं-उजवं नको म्हणून.”

“हो.”

आई आतून लसूण सोलायची थांबली, एवढं मला ऐकू आलं. बाबांनी एक हात बाहेर काढला आणि खुर्चीच्या दांडीवर ठेवला. आवाज चढवला नाही. त्यांनी मला जे विचारलं ते मी अजून दिवसातून दोन-तीनदा ऐकते.

“मग मी लिहिलं होतं, ते वाचून तुला पटलं नाही का गं, बाय?”

मी विचारलं, काय लिहिलं होतं.

“उत्तर,” ते म्हणाले. “मागे.”

फाइल कपाटावर होती. पाकिटातून कागद काढताना तो प्लास्टिकला चिकटलेला होता. उलटला. पेन्सिलीने, मोठ्या सुट्या अक्षरांत, ओळी खाली उतरत गेलेल्या :

‘गाडी उजवीकडे उडते. दोन आठवडे झाले. हात ठीक आहे. मला वाकता येत नाही. तू एकदा खाली जाऊन नीट बघावे. मग ठरव. तोवर किल्ली तुझ्याकडे ठेव.’

तोवर.

मी लिहिणारी मुलगी. मी लोकांना सांगत फिरते की सत्तेत बसलेला माणूस आपलं निवेदन घेतो, शिक्का मारतो आणि मागची बाजू बघत नाही. ह्यावर मी सभांमध्ये टाळ्या घेतल्या आहेत. माझ्या स्वतःच्या बापाने मला रीतसर उत्तर दिलं होतं, आणि दहा महिने तो अशा समजुतीत बसला होता की मी ते वाचलं, तोललं आणि नामंजूर केलं. त्याने पुन्हा विषय काढला नाही कारण नामंजूर झालेला अर्ज घरात तोंडी रेटायचा नसतो, हेही त्यानेच मला शिकवलं होतं. आणि मुलीला पटलं नाही म्हणजे आपल्यातच काहीतरी गेलं असेल असं त्याने मानलं. आधी दाढी, मग चहा, मग पाणी, मग सही.

मला मागची बाजू बघायची आठवण झाली नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगून बघितलं. ते खरं नाही. मला उत्तर नको होतं. किल्ली हवी होती, ती वर ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना लालबागला घेऊन गेले, टॅक्सीने. मिस्त्रीने खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत. मडगार्डजवळ उभे राहिले. हात टेकायला त्यांना वेळ लागला. मिस्त्री म्हणाला, टेका हो, चावत नाय ती. मी पुठ्ठा अंथरून खाली गेले. खालून मला त्यांच्या चपला आणि पायजम्याचे काठ दिसत होते. ते डावीकडे गेले, गाडी डोक्यावर हलली. उजवीकडे आले, हलली नाही. मी दाणे उघडायला लागले. तेरा झाले. चपला डावीकडे, चपला उजवीकडे. डंक चालू होता. मिस्त्रीने पलीकडे जाऊन काहीतरी सांगितलं आणि डंक थांबला.

“अजून एक,” बाबा म्हणाले.

मी एक दाणा उघडला. चौदा. गाडी माझ्या डोक्यावर खाली आली, वर गेली, थांबली. मग दुसऱ्या बाजूला. तसंच.

“बस.”

बाहेर आले तेव्हा ते तळहात पँटला पुसावेत तसे पायजम्याला पुसत होते. मी किल्ली पुढे केली. त्यांनी घेतली नाही. गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि दार उघडून शेजारच्या सीटवर बसले. म्हणाले, तू चालव, मी बघतो.

पुलावरून उतरताना तो सांधा आला. गाडी खडखडली आणि सरळ पुढे गेली. बाबांचा हात डॅशबोर्डवर होता, पंजा उघडा. तो त्यांनी पुलाखाली येईपर्यंत काढला नाही. मी वाट बघत होते, की आता काहीतरी वाटेल. हलकं, जड, काहीही. सिग्नल लागला, सुटला. आम्ही घरी आलो.

प्रभादेवीच्या माणसाला मी फोन करून सांगितलं, गाडी द्यायची नाही. कुठे ठेवायची ते अजून ठरलेलं नाही. टाकी तोडायला लागले की बघू.

आईला मी सांगितलं तेव्हा तिने खांद्यावरचा पदर सरकवला आणि म्हणाली, माझं हाड बसलं गं. त्यांचं बघ.

मी नवीन निवेदन लिहिलं आहे. ह्यावेळी हाताने, एकच मुद्दा. ‘किल्ली परत घ्यावी.’ बाबांनी खाली ‘पोचले’ लिहून सही केली. सही थोडी वाकडी आहे, पण ती त्यांची नेहमीचीच आहे, जुन्या कागदांशी मी ताडून बघितलं. कागद टेबलावर आहे, किल्ली खिळ्याला. रोज सकाळी उठले की मी कागद उलटून बघते. आज एकवीस दिवस झाले. मागची बाजू कोरी आहे. काल त्यांनी चहा पूर्ण कप मागितला. मी त्याचा काही अर्थ लावलेला नाही. अर्थ लावून माझं काय होतं ते मी बघितलं आहे.

तुम्ही हे वाचता आहात तर माझं एक काम करा. तुमच्या घरात कुणाकडून काही काढून घेताना तुम्ही सही घेतली असेल, घराच्या कागदावर, बँकेच्या फॉर्मवर, दवाखान्याच्या चिठ्ठीवर, तर तो कागद आज बाहेर काढा आणि उलटा करून बघा. कागद नसेल, सगळं तोंडीच झालं असेल, तर त्या माणसासमोर जाऊन बसा आणि त्याला विचारा, तेव्हा तू काय म्हणाला होतास. आणि जे सांगेल ते तपासायला खाली वाकावं लागलं तर तुम्ही वाका. त्याचे गुडघे दुखतात.